आज्जीच्या दगडाला मी ॲसिड लावलं होतं

हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढं मी जे शहाणपण सांगणारय ते कुठून आलं ते कळेल. २००९ साली ईस्टरच्या आदल्या दिवशी मी आमच्या आज्जीच्या कबरीवरचा संगमरवरी दगड संडास धुवायच्या ॲसिडनं घासला. वाईट हेतूनं नाही हो, लई प्रेमानं. आमच्यात ईस्टरला पहाटे अंधारातच सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत जाते, गाणी म्हणतात, आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात ज्यानं त्यानं आपापल्या माणसाची कबर झाडून, पुसून, चुना मारून ठेवायची असा रिवाज. आज्जीचा दगड काळाहिरवा पडला होता, शेवाळाची खपली धरली होती, ब्रशनं निघंना, मग गाडीच्या डिकीत बाटली होती ती आणून ओतली. काय फेस आला म्हणता! सोड्याची बाटली फोडल्यावर येतो तसा फसाफसा. मला वाटलं घाण निघायलीय. घाण कसली, दगडच निघत होता. (संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्याच्यावर हायड्रोक्लोरिक ॲसिड पडलं की ते विरघळतं आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात, हे मी शाळेत पाठ केलेलं, पेपरात लिहिलेलं, मार्क पण घेतलेले. कबरीपाशी आठवलं नाही.)

दुसऱ्या दिवशी पहाटे मेणबत्तीच्या उजेडात दगड असा पांढराफेक दिसायला लागला की शेजारच्या दोन घरच्यांनी मला विचारलं काय लावलं म्हणून, आणि मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. आत्या म्हणली, आई नवं लुगडं नेसून बसल्यासारखी दिसायली बघ. मग दोन-तीन पावसाळे गेले आणि दगडावर हात फिरवला तर बोटाला साखरेची कणी लागावी तसं पांढरं काहीतरी लागायला लागलं. आधी नख अडकायचं इतकी खोल अक्षरं होती, ती आता बोटाला नुसती जाणवायची, दिसायची नाहीत. नाव कसंबसं वाचता यायचं, खालच्या वचनाच्या तर दोन ओळी गेल्याच. आणि शेवाळ? ते पहिल्यापेक्षा जोरात आलं, कारण ॲसिडनं दगडाचा घोटलेला पापुद्रा खाऊन टाकला, आता तो खरबरीत झाला, पाणी धरायला लागला. ज्या दोन घरच्यांना मी सांगितलं होतं त्यांच्या पण दगडांची तीच गत, ते अजून भेटले की मी विषय दुसरीकडं नेतो.

तर मी जालन्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. पाण्याच्या मोटारी, पंखे, मिक्सर, जे जळलं ते भरून देतो. दगडाचा आणि माझा संबंध एवढाच की शेतकऱ्याच्या बोअरची मोटार जळते ती खालच्या काळ्या पाषाणापायी. पण गेली तीन-चार वर्षं रविवारी दुपारनंतर मी दफनभूमीत असतो, आणि बायको म्हणते तुम्हाला जिवंत गिऱ्हाईक पुरेनात का. म्हणून एकदा सगळं लिहून काढावं म्हणलं.

जालना म्हणलं की लोक "जालना सोने का पालना" म्हणतात, नाहीतर सळईचे कारखाने आणि बियाणं. पण इथं एके काळी इंग्रजांची मोठी छावणी होती, त्यांच्या जुन्या कागदांत गावाचं स्पेलिंग जॉलना असं काहीतरी वाकडं सापडतं. निजामाच्या राज्यात असल्या छावण्या मराठवाड्यात बऱ्याच, औरंगाबादला होती, हिंगोलीला होती, मोमिनाबादला म्हणजे आपल्या अंबाजोगाईला होती. इथून वर भोकरदनकडं असईला तर २३ सप्टेंबर १८०३ ला ती मोठी लढाई झाली, शिंदे-भोसल्यांची फौज एकीकडं आणि वेलस्ली दुसरीकडं. छावणी आली की मागं थडगी येतातच. आणि मग मिशनरी आले, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल गाव वसवलं, तिथून आमच्यासारख्यांची घराणी सुरू झाली. त्यामुळं इकडच्या जुन्या दफनभूमीत फिरलं की एका कोपऱ्यात साहेबलोकांची चौथऱ्याची, कमानीची थडगी, मधे काळ्या दगडाचे ठेंगणे क्रूस, त्याच्यावर मराठीत खडबडीत कोरलेलं "प्रभूमध्ये निजला", आणि पुढं रस्त्याकडं सगळं ग्रॅनाइट, लेझरनं फोटो काढलेलं, चकचकीत. साहेबलोकांच्या थडग्यांवरची वयं वाचू नका, रात्री झोप येत नाही. बायका विशी-बाविशीच्या, लेकरं काही महिन्यांची. पटकी, ताप. एक दगड तर बापानंच ठेवलाय, खाली तीन नावं आहेत आणि चौथ्यासाठी जागा सोडलीय.

२०२१ च्या सप्टेंबरच्या शेवटी ते गुलाब वादळ आलं, मराठवाड्यात कसा पाऊस झाला सगळ्यांना आठवतच असेल, सोयाबीन शेतात कुजलं. पाऊस उघडल्यावर आत्याचा फोन, "अरे तुझी आज्जी पडली की रे." मला आधी काही कळंनाच, आज्जी जाऊन सत्तेचाळीस वर्षं झालेली. जाऊन बघतो तर दगड मुळातून मोडून पालथा पडलेला, चिखलात तोंड खुपसून. बुडखा जमिनीत तसाच.

आपल्याकडं दगड का पडतात ते आता मला माहितीय, तेव्हा नव्हतं. काळी माती. कपाशीला जी सोन्यासारखी ती दगडाला वैरी. पावसात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगा पडतात, एप्रिल-मेमधे तर कोपरापर्यंत हात जाईल अशा. दरवर्षी एकदा वर ढकलणार, एकदा खाली सोडणार, आणि ते पण सगळीकडून सारखं नाही, झाडाच्या बाजूची माती आधी सुकते, नालीच्या बाजूची ओलीच राहते. मग दगड तिरपा होतो, तिरपा झाला की भेगेत अजून खाली सरकतो. शंभर वर्षं हेच चाललं तर कोण सरळ उभं राहील सांगा. लोकांना वाटतं दगड जुना झाला म्हणून पडला. दगडाला काय होतंय, तो करोडो वर्षांचा आहे, पडते ती त्याच्या खालची माती.

मी तर त्याच आठवड्यात सिमेंटची गोणी टाकून उभा करणार होतो. बुडख्याभोवती खड्डा, त्यात काँक्रीट, मोडलेल्या जागी सिमेंट थापून वरचा तुकडा बसवायचा, दोन तासांचं काम. नशीब की दुकानात त्या दिवशी मिस्त्री आले होते.

हे मिस्त्री वडार समाजातले, वय सत्तरच्या पुढं, मूळचे लातूरकडचे. आधी पाटे-वरवंटे, उखळ, जातं करायचे, गल्लीगल्लीत "पाटाऽऽ टाकीऽऽ" ओरडत फिरायचे. मग मिक्सर आले आणि पाट्याला टाकी लावून, म्हणजे छिन्नीनं खडबडीत करून घ्यायला कोणी उरलं नाही. म्हणजे मिक्सर दुरुस्त करून पोट भरणारा मी, आणि मिक्सरनं ज्यांचं पोट मारलं ते हे, आणि आले होते सुनेचा मिक्सर घेऊन. मग घरबांधणीत दगडकाम करायला लागले तर ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप झाला, दगडमातीच्या घरांखालीच माणसं गेली, त्यानंतर दगडाच्या भिंतीचं नाव काढलं की लोक हात जोडायचे. "भाऊ, दगडानं माणसं मारली म्हणायले सगळे. दगडानं नाही, माती-चिखलात रचलेल्या भिंतीनं मारली. पण ऐकतंय कोण." असं त्यांचं म्हणणं. तिथून उठून जालन्यात लेकाकडं आले.

त्यांना मी सिमेंटचा बेत सांगितला. मिक्सरचं भांडं हातात तसंच धरून त्यांनी विचारलं, "सिमेंट मोडतंय का दगड?"

म्हणलं म्हणजे?

"उद्या परत माती हलली, तर दोघांतलं कोन मोडंल? जे कवळं ते मोडंल. तुमचं सिमेंट दगडापरीस कडक. म्हंजे परत दगडच मोडायचा. मधी लावायची वस्तू दगडाहून नरम पाहिजे भाऊ, मोडली तर ती मोडावी, परत लावता यावी."

हे वाक्य मी दुकानात खडूनं लिहून ठेवलंय. नंतर वाचलं तेव्हा कळलं की जुन्या इमारती सांभाळणारे लोक जगभर हेच सांगतात. सिमेंटमधून ओल बाहेर पडत नाही, मग ती दगडातून वाट काढते, येताना क्षार घेऊन येते, ते क्षार दगडाच्या पोटात गोठतात आणि वरचा पापुद्रा सोलून काढतात. शहाबादी फरशीच्या कबरींना सिमेंटच्या कडा केलेल्या असतात ना, त्या कडेलगत फरशीची सालपटं निघालेली बघा, सगळीकडं दिसतील.

नोव्हेंबरात काम काढलं. त्याच्या आधी नाहीच, कारण पावसाळ्यात आणि लगेच पुढं तिथं गाजर गवत कमरेएवढं असतं आणि त्यात घोणस. माझ्याकडं दुकानातली लोखंडी पाइपांची तिपाई आणि चेन कुप्पी होती, दहा एचपीची मोटार उचलायची, ती टेम्पोत टाकून नेली. साडेचार फूट लांब, दीड फूट रुंद, तीन इंच जाड संगमरवर म्हणजे सव्वाशे किलोच्या वर जातो, चार पोरं लावून हातानं उचलायच्या नादात लोक दगड पण मोडतात आणि बोटं पण. साखळी डायरेक्ट दगडाला लावायची नाही, नायलॉनचा पट्टा, आणि कडेला जुन्या ट्यूबचे तुकडे.

वरचा तुकडा उचलून वाळूच्या गादीवर आडवा ठेवला. मग बुडखा. मी म्हणलं ह्याला पहारीनं हलवून काढू, मिस्त्री म्हणले पहार दगडाला लावायची नाही, माती काढा भोवतीची, तो आपल्या पायानं येईल. मग खुरप्यानं माती काढत बसलो. फक्त दगडाच्या भोवतीची, वीतभर रुंद, मागं कबरीकडं अजिबात जायचं नाही हे त्यांनी आधीच बजावलं होतं. आठ-नऊ इंच खाली गेलो आणि खुरपं बाजूला ठेवून मी हातानं माती पुसली, कारण दगड गुळगुळीत लागला. मला वाटलं होतं जमिनीतला भाग राकटच असणार.

मिस्त्रींनी पाणी मारलं. अक्षरं होती. काल कोरल्यासारखी, टाकीच्या कडा हाताला लागतील अशी धारदार, आतली काळी शाई पण शाबूत. एकच ओळ.

"ही शिळा दवाखान्यातील मैत्रिणींनी ठेविली."

झालं असं होतं की दगड इतक्या वर्षांत खाली बसला आणि वरून दोनदा मुरूम टाकून सगळीकडची जमीन उंच केलेली, त्यामुळं ती ओळ मातीत गेली. म्हणूनच माझ्या ॲसिडपासून वाचली. आमच्या घरात लहानपणापासून एकच गोष्ट ऐकलेली, आजोबांनी सायकल विकून आज्जीचा दगड आणला. बाबा सांगायचे, मी माझ्या पोरांना सांगितलीय. मी तिथूनच आत्याला फोन लावला, तुला माहीत होतं का म्हणून.

आत्या जरा वेळ गप्प. मग म्हणली, "सायकल विकली ती औषधाच्या बिलापायी. दगडाला पैसे कुठले होते? तिच्यासंगं ड्युटी करणाऱ्या बाया होत्या, त्यांनी महिन्याला आठ-आठ आणे काढून दोन वर्षांनी दगड केला. तुझ्या आजोबाला ते लागलं मनाला. त्यानंच ती ओळ इतकी खाली घालायला लावली."

म्हणजे मिरवायची पण नाही आणि खोडायची पण नाही. आजोबा असेच होते.

असो, दगड बसवायचं सांगतो. बुडखा पूर्ण निघाल्यावर दिसलं की ओळीच्या खाली सव्वा फूट दगड घोटलेला नव्हता, टाकीचे घाव तसेच. मिस्त्री म्हणले हीच निशाणी, जिथपर्यंत घोटलाय तिथपर्यंत उजेडात ठेवायचा, राकट तेवढा मातीत. उभ्या दगडाचा साधारण चौथा-तिसरा हिस्सा जमिनीत लागतोच. सांधा जोडायला मात्र चुना पुरत नाही, कारण सगळा भार तिथंच येतो. तिथं आतून सळई लागते. जुन्या लोकांनी लोखंडी खिळे घातलेले असतात आणि तेच घात करतात, लोखंड गंजलं की फुगतं आणि दगड आतून फोडतं, थडग्यांच्या कडांना तांबूस डाग आणि त्यातनं निघालेली चीर दिसली की समजायचं आत खिळा आहे. आम्ही स्टेनलेस स्टीलचे बारा एमएमचे दोन तुकडे घातले, दोन्हीकडं चार-चार इंच भोक, ड्रिल हॅमरवर न ठेवता नुसतं फिरवून, थांबत थांबत. भोकांत आणि सांध्याच्या मधोमध इपॉक्सी. कडेपर्यंत इपॉक्सी न्यायचं नाही, उन्हानं पिवळं पडतं आणि पुसता येत नाही, कडेचं अर्धा इंच रिकामं सोडून त्यात नंतर चुना आणि संगमरवराची पूड भरायची. दोन दिवस आडवाच ठेवला, वरून गोणपाट.

खड्डा मात्र सिमेंटविना. सगळी काळी माती दोन फुटांपर्यंत काढून टाकली, तळाला खडी, वर मुरूम, धुम्मसनं कुटला. मग दगड तिपाईवरून खाली सोडला आणि चार-चार इंच मुरूम टाकायचा, कुटायचा, ओळंबा लावायचा, परत चार इंच. मुरूमातून पाणी निथळून जातं, फुगत नाही, आणि वाकलाच दगड परत तर उकरून सरळ करता येतो. काँक्रीटमधला उकरायचा म्हणजे ब्रेकर आणा. ह्या कामाला आम्हाला तीन रविवार लागले, सिमेंटनं दोन तास लागले असते.

चुन्याबद्दल पण थोडं सांगतो कारण लोक विचारतात. कळीचा चुना आणून पाण्यात विझवून ठेवायचा, जितका जुना तितका लोणी. विझवताना तोंड लांब, तो उकळतो आणि डोळ्यात उडाला तर डोळा जातो, मिस्त्रींच्या भावाचा गेलाय. त्यात वाळू आणि विटांचा चुरा. मिस्त्री गूळपाणी आणि बेलफळाचा चीक पण घालतात, अंबाडीचे तंतू बारीक कापून टाकतात, मी हसलो तर म्हणले जा वेरूळला बघून या. आता वेरूळच्या गिलाव्यात भांगेचे तंतू मिसळलेले सापडले असं २०१६ मधे संशोधन छापून आलं होतं, त्यामुळं त्यांना ऐकवायला मुद्दा मिळाला आणि मला हसायचं बंद करावं लागलं.

एकदा आज्जी उभी राहिल्यावर मग बाकीचे यायला लागले. आमचा पण बघा, आमचा पण बघा. बरेचदा दुरुस्ती लागतच नाही, लोकांना हात आवरायला सांगणं हेच अर्धं काम. ॲसिड नको, ब्लीच नको, तारेचा ब्रश नको, प्रेशर पंप तर अजिबात नको. साधं पाणी, आधी भरपूर भिजवायचं, मऊ ब्रश, खालून वर घासत जायचं म्हणजे घाणीचे ओघळ पडत नाहीत, शेवाळ खरवडायला बांबूची कामटी. आणि आधी ठोकून बघा, पोकळ आवाज आला किंवा पापुद्रा हलायला लागला तर हात पण लावू नका. एक दिवसात निघालं नाही तर पुढच्या आठवड्यात परत. डाग राहिला तर राहू द्या की, कबर आहे, ताटवाटी नाही.

पिंपळाचं रोप चौथऱ्याच्या फटीत असेल तर उपटू नका, हे तर मी ओरडून सांगतो. मूळ आत फांदीएवढं झालेलं असतं, ओढलं की दगड संगं येतो. बुडाशी कापायचं, परत फुटलं परत कापायचं, वर्ष-दोन वर्षं. एका ठेकेदारानं "सुशोभीकरण" म्हणून एका गावच्या दफनभूमीत मुळासकट उपटलेली झाडं मी बघितलीत, सोबत चौथऱ्याचे चार दगड पण उपटले आणि मग सगळं एकत्र करून वर ऑइल पेंट मारला. हिरवा. अक्षरांसकट. त्याचं बिल निघालं, उद्घाटन झालं, नारळ फुटला. तो पेंट काढायचा कसा ह्याचं उत्तर माझ्याकडं नाही, मिस्त्रींकडं पण नाही.

साहेबलोकांच्या कोपऱ्यात आम्ही फार हात घालत नाही, तिथं परवानगी कोणाची घ्यायची हाच घोळ. पण वाचून, फोटो काढून ठेवतो. लंडनला १९७६ पासून एक संस्थाच आहे जी आपल्याकडच्या असल्या जुन्या गोऱ्यांच्या दफनभूमींची नोंद ठेवते. आमच्या काळ्या दगडाच्या क्रूसांची नोंद कोणाकडंय? मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या जुन्या रजिस्टरात नाव सापडतं, जागा सापडत नाही. मग आम्ही वहीच केली, ओळ नंबर, दगड कसला, काय लिहिलंय, कुठं मोडलाय.

झिजलेलं वाचायची एक युक्ती. दिवसा नाही, रात्री जा. टॉर्च दगडासमोर धरायची नाही, कडेला टेकवून दगडाच्या अंगाला घासून उजेड सोडायचा. जे दुपारी कोरं दिसत होतं त्याच्यावर सावल्या उठतात आणि अक्षरं बाहेर येतात. लोक खडू घासतात, पीठ चोळतात, एकानं दाढीचा फेस लावला होता, काही लावायची गरज नाही. शिशाची अक्षरं बसवलेली असतील आणि भंगारवाल्यांनी ती काढून नेली असतील तर त्यांच्या जागी बारीक भोकं राहतात, प्रत्येक अक्षराखाली दोन-तीन, ती कागदावर उतरवून रेघा जोडल्या की नाव निघतं. एकदा असं टॉर्च घेऊन बसलो असताना गस्तीवरचे पोलीस आले, रात्री साडेदहाला कबरीपाशी काय करताय. मी म्हणलं वाचतोय. त्यांच्यातला एकजण पण मग येऊन वाचत बसला.

आमच्या कामाची बातमी लातूरकडं मिस्त्रींच्या पाहुण्यांत गेली आणि एका लिंगायत मित्राच्या घरून बोलावणं आलं, त्यांच्या पणजोबांची समाधी एका अंगाला खचली होती. त्यांच्यात बसवून समाधी देतात, हातात इष्टलिंग, त्यामुळं खड्डा खोल आणि आत पोकळी राहते, काही वर्षांनी वरची माती बसते आणि चौथरा तडकतो. तिथं आम्ही काही उकरलं नाही, जंगम स्वामींना विचारून नुसत्या कडेच्या घडीव दगडांना नंबर टाकून उतरवलं, खाली मुरूम भरला, परत रचलं. वरचा नंदी जागचा हलवायचा नाही म्हणले, तर तो हलवला नाही, चेन कुप्पीनं वीतभर उचलून धरून खालचं काम केलं, दोन तास नंदी हवेत. पोरं मोबाइल घेऊन जमली होती सगळी. आणि आमच्याच गल्लीतल्या चाचांना मी आपणहून विचारलं, तुमच्या कबरस्तानात काही सरळ करून देऊ का, तर ते म्हणले, "नको बेटा, आमच्यात कच्चीच बरी. मातीची आहे, मातीत जाऊ दे." मग जरा थांबून म्हणले, अम्मीच्या उशाचा एक पत्थर तेवढा कलंडलाय. तो केला. पंधरा मिनिटं.

पैसे कोण देतं हे विचारू नका. नवीन ग्रॅनाइट बसवायला लोक पन्नास हजार काढतात, तेही कर्ज काढून, आणि जुना उभा करायला मुरूमाची एक ट्रॉली मागितली की पुढच्या महिन्यात बघू. जुना दगड फेकून त्या जागी ग्रॅनाइट बसवलेल्या सात कबरी आमच्या वहीत आहेत. त्यातले दोन जुने दगड मला नालीवर टाकलेले सापडले, पालथे, लोक त्यांच्यावरनं ये-जा करत होते. मी ते काढून भिंतीला टेकवून ठेवलेत, घरच्यांना कळवलंय. अजून कोणी आलेलं नाही.

आज्जीचं नाव मी परत कोरून घ्यावं असं धाकट्या भावाचं म्हणणं आहे. मिस्त्री नाही म्हणतात, एकदा त्या अक्षरांवर नवी टाकी चालली की जुन्या कारागिराचा हात गेला. मी पण नको म्हणलं. टॉर्चनं वाचता येतं अजून.

ह्या जूनमधे पहिला मोठा पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी जाऊन आलो. सगळीकडं काळा चिखल, चप्पल हातात घेऊन गेलो. स्पिरिट लेव्हल दगडाच्या कडेला लावली, बुडबुडा रेघेच्या आत होता, किंचित डाव्या अंगाला. वहीत तारीख टाकली आणि पुढं लिहिलं, "डावीकडं, केसभर." आत्याचा लगेच फोन, आई उभीय का. म्हणलं उभीय.

"आणि ती खालची ओळ?"

म्हणलं चिखल उडालाय त्याच्यावर. पाणी आणायला विसरलोय, संध्याकाळी परत जातो.